जॅकपॉट (घोड्यांची शर्यत)

जॅकपॉट हा घोड्यांच्या शर्यतींवर लावल्या जाणाऱ्या पैजेचा एक प्रकार आहे. यात एकाच दिवशी होणाऱ्या अनेक शर्यतींचे विजेते घोडे, त्यांपैकी पहिली शर्यत सुटण्यापूर्वीच निवडावे लागतात. भारतात जॅकपॉट सामान्यतः पाच शर्यतींचा असतो. तीन शर्यतींच्या अशाच पैजेस ट्रेबल, तर सहा शर्यतींच्या पैजेस सुपर जॅकपॉट असे म्हणतात. अमेरिकेतील पिक सिक्स आणि ब्रिटनमधील टोट जॅकपॉट व स्कूप सिक्स या याच जातीच्या पैजा होत. या पैजेत घोड्यांच्या गुणदोषांच्या पारखीइतकेच तिकिटाच्या बांधणीला, म्हणजे कोणत्या शर्यतीत किती घोडे घ्यावेत या निर्णयाला, महत्त्व असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या बांधणीमागील गणित व त्याच्या मर्यादा दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

जॅकपॉट ही टोट पद्धतीची पैज आहे. बुकमेकर आपला भाव आधीच सांगतो आणि जिंकणाऱ्यास आपल्या खिशातून पैसे देतो. टोट पद्धतीत मात्र सर्वांच्या पैजांची रक्कम एका सामाईक निधीत जमा होते, तीतून आयोजकाचा खर्च व इतर वजावट काढून घेतली जाते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांमध्ये लाभांश म्हणून वाटली जाते. पैज लावणाऱ्याची स्पर्धा त्यामुळे आयोजकाशी नसून इतर पैज लावणाऱ्यांशी असते. ही पद्धत १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ऑलेर याने रूढ केली. हिशेब आपोआप करणारे जॉर्ज ज्युलियस याचे टोटलायझेटर यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील एलर्सली रेसकोर्सवर प्रथम बसवण्यात आले. ब्रिटनमध्ये टोट जॅकपॉट १९६६ मध्ये सुरू झाला.

महाराष्ट्रात मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स व पुण्याचे रेसकोर्स या दोन ठिकाणी रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब शर्यती भरवतो. पावसाळ्यात पुण्याचा आणि हिवाळ्यात मुंबईचा हंगाम असतो. घोड्यांच्या शर्यतीत नशिबापेक्षा कौशल्याचा भाग अधिक असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात दिला.

निधीची वाटणी

भारतात जॅकपॉटच्या वाटपयोग्य निधीचे सामान्यतः दोन भाग केले जातात. ७० टक्के रक्कम पाचही विजेते अचूक ओळखणाऱ्या तिकिटांना आणि ३० टक्के रक्कम चार विजेते ओळखणाऱ्या तिकिटांना मिळते. उदाहरणार्थ, एकूण निधी १० लाख रुपये आणि वजावट २५ टक्के धरली, तर वाटपास ७,५०,००० रुपये उरतात. त्यांपैकी ५,२५,००० रुपये पहिल्या भागात जातात. पाचही विजेते असलेली तिकिटे १५ निघाल्यास प्रत्येकास ३५,००० रुपये मिळतील. दुसऱ्या भागातील २,२५,००० रुपये चार विजेत्यांच्या ४५० तिकिटांत वाटल्यास प्रत्येकी ५०० रुपये येतील.

पाचही विजेते कोणालाच ओळखता आले नाहीत, तर तो भाग पुढील दिवसाच्या निधीत जमा केला जातो. यास कॅरी ओव्हर म्हणतात.

जोडण्या आणि किंमत

प्रत्येक शर्यतीतून एकच घोडा घेतल्यास एक जोडणी होते. एखाद्या शर्यतीत एकाहून अधिक घोडे घेतले, तर जोडण्यांची संख्या गुणाकाराने वाढते. पाचही शर्यतींत प्रत्येकी दोन घोडे घेतल्यास २×२×२×२×२ म्हणजे ३२ जोडण्या होतात; प्रत्येकी तीन घेतल्यास २४३; आणि दहा-दहा घोड्यांच्या पाच शर्यतींतील सर्व घोडे घेतल्यास एक लाख. प्रत्येक जोडणीचे मूल्य वेगळे भरावे लागते. तिकिटाची किंमत अशी झपाट्याने वाढत असल्यामुळे प्रत्येक जादा घोडा कोणत्या शर्यतीत घ्यावा, हाच बांधणीचा मूळ प्रश्न ठरतो.

बँकर पद्धत

ज्या शर्यतीत एकाच घोड्यावर विश्वास टाकून अन्य घोडे वगळले जातात, त्या घोड्यास बँकर म्हणतात. बँकरमुळे वाचलेला पैसा अनिश्चित शर्यतींत अधिक घोडे घेण्यास वापरता येतो. पुढील काल्पनिक उदाहरणावरून याचा परिणाम लक्षात येईल.

समजा, पहिल्या दोन शर्यतींत आघाडीच्या घोड्याची जिंकण्याची शक्यता प्रत्येकी ६० टक्के आणि दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्याची १२ टक्के आहे. तिसरी व चौथी शर्यत खुली असून त्यांत पहिल्या चार घोड्यांच्या शक्यता अनुक्रमे २०, १८, १६ व १४ टक्के आहेत. पाचव्या शर्यतीत पहिल्या दोन घोड्यांची एकत्रित शक्यता ६० टक्के आहे.

सर्व शर्यतींत दोन-दोन घोडे घेतल्यास पाचही विजेते सापडण्याची शक्यता ०.७२×०.७२×०.३८×०.३८×०.६०, म्हणजे सुमारे ४.५ टक्के येते. याउलट पहिल्या दोन शर्यतींत एक-एक बँकर, तिसऱ्या व चौथ्या शर्यतीत चार-चार आणि पाचवीत दोन घोडे घेतल्यास ती ०.६०×०.६०×०.६८×०.६८×०.६०, म्हणजे सुमारे १० टक्के होते. दोन्ही तिकिटांत जोडण्या ३२ च आहेत आणि किंमतही तीच आहे. बदलली आहे ती केवळ घोड्यांची विभागणी. सर्व शर्यतींना सारखे घोडे वाटणे ही नवख्यांत आढळणारी सवय यामुळेच महागात पडते.

प्रत्येक जोडणी स्वतंत्र मोजली जात असल्याने, दुसऱ्या प्रकारच्या तिकिटात पाचही विजेते आले तर मुख्य लाभांशाखेरीज चार विजेत्यांच्या सात जोडण्याही मिळतात: तिसऱ्या व चौथ्या शर्यतीतील प्रत्येकी तीन आणि पाचवीतील एक.

श्रेणीनुसार अनेक तिकिटे

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक शर्यतीतील घोड्यांच्या श्रेणी पाडल्या जातात. अ श्रेणीत प्रमुख दावेदार, ब श्रेणीत पर्यायी घोडे आणि क श्रेणीत दूरची शक्यता असलेले घोडे ठेवतात. सर्वांचे मिळून एकच मोठे तिकीट घेण्याऐवजी अनेक लहान तिकिटे घेतली जातात. अमेरिकन पत्रकार स्टीव्हन क्रिस्ट यांनी आपल्या लेखनातून ही पद्धत लोकप्रिय केली.

ट्रेबलमध्ये प्रत्येक शर्यतीत अ श्रेणीचे दोन व ब श्रेणीचे तीन घोडे आहेत असे मानू. सर्व पाच-पाच घोड्यांचे एकच तिकीट घेतल्यास १२५ जोडण्या होतात. त्याऐवजी तिन्ही विजेते अ श्रेणीतील असल्याचे एक तिकीट (८ जोडण्या) आणि कोणत्याही एकाच शर्यतीत ब श्रेणीचा घोडा जिंकेल अशी तीन तिकिटे (प्रत्येकी १२ जोडण्या) घेतल्यास एकूण ४४ जोडण्या पुरतात. अ श्रेणीची एकत्रित शक्यता ५५ टक्के व ब श्रेणीची ३० टक्के धरल्यास मोठ्या तिकिटाच्या यशाची शक्यता सुमारे ६१ टक्के, तर लहान तिकिटांची सुमारे ४४ टक्के येते. म्हणजे सुमारे ३५ टक्के खर्चात ७१ टक्के संधी हाती राहते.

तथापि, वगळलेल्या ८१ जोडण्या निरुपयोगी नसतात. त्यांत दोन किंवा तीन अनपेक्षित विजेते असतात, आणि अशा दिवशी जिंकणारी तिकिटे थोडी असल्याने लाभांश सहसा मोठा असतो. जिंकण्याची शक्यता वाढवणे आणि मिळणारी रक्कम वाढवणे ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत. पाचही शर्यतींत फेव्हरिट घोडे जिंकले, तर अचूक तिकीटही अत्यल्प रक्कम देऊ शकते, कारण तीच जोडणी अनेकांनी घेतलेली असते. म्हणून लोकप्रिय घोड्यांपैकी निदान एखादा दुबळा ओळखून त्याला वगळता आला, तरच बांधणीला अर्थ येतो, असे जाणकार मानतात.

वजावट आणि कॅरी ओव्हर

पाच शर्यतींवर स्वतंत्र पैजा लावून प्रत्येक वेळची कमाई पुढील शर्यतीवर लावली, तर वजावट पाचदा होते. ती प्रत्येकी २० टक्के असल्यास सरासरीने मूळ रकमेपैकी ०.८ चा पाचवा घात, म्हणजे जवळपास ३३ टक्केच परत येते. जॅकपॉटमध्ये ती एकदाच होते. ती २५ टक्के असली तरी ७५ टक्के रक्कम वाटली जाते. या पैजेचे गणिती आकर्षण मुख्यतः यात आहे.

कॅरी ओव्हर असलेल्या दिवशी हे गणित आणखी बदलते. आधीचे १० लाख रुपये निधीत असून नव्या पैजा २० लाखांच्या आल्या आणि त्यांवर २५ टक्के वजावट झाली, तर वाटपासाठी २५ लाख उरतात. त्या दिवशी सर्व पैज लावणाऱ्यांना मिळून त्यांनी भरले त्याहून अधिक परत मिळते. परंतु मोठ्या कॅरी ओव्हरची वार्ता गर्दी खेचते. याच उदाहरणात नव्या पैजा ४० लाखांवर पोहोचल्या की हा फायदा संपतो.

२००२ मधील घोटाळा

तिकिटाची बांधणी संशयास्पद ठरल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. २६ ऑक्टोबर २००२ रोजी आर्लिंग्टन पार्क येथील ब्रीडर्स कप शर्यतींत ४३ ला १ भावाचा व्होल्पोनी हा घोडा अंतिम शर्यत जिंकला. पिक सिक्सची सहाही विजयी तिकिटे एकाच व्यक्तीकडे निघाली. तिने पहिल्या चार शर्यतींत एकेकच घोडा आणि अखेरच्या दोन शर्यतींत अनुक्रमे ८ व १२ असे सर्वच घोडे घेतले होते. एकूण ९६ जोडण्या होत्या आणि प्रत्येक जोडणी दोन डॉलरऐवजी बारा डॉलरला, म्हणजे सहापट, घेतली होती. त्याच पैशांत आरंभीच्या शर्यतींत आणखी घोडे घेणे शक्य असता ही रचना अनैसर्गिक होती. टोट यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीतील एका प्रोग्रामरने पहिल्या चार शर्यतींचे निकाल लागल्यावर तिकिटातील नोंद बदलली होती, असे चौकशीत उघड झाले. तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम रोखून धरण्यात आली व तिघांना तुरुंगवास झाला.

मर्यादा

कोणतीही बांधणी वजावट नाहीशी करत नाही. घोड्यांविषयीचा अंदाज इतरांपेक्षा सरस नसेल, तर उत्तम रचलेल्या तिकिटानेही दीर्घकाळात तोटाच होतो. शिवाय यश विरळ असते. दर वेळी १० टक्के शक्यता असलेले तिकीटही सलग वीस वेळा अपयशी ठरण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. एका घोड्याने हुकलेली जोडणी ‘थोडक्यात गेली’ असे वाटायला लावते; पण पाच शर्यतींत चार विजेते सापडणे हे पाच सापडण्यापेक्षा मुळातच पुष्कळ सोपे असते. त्यावरून पुढील यशाचा कोणताही संकेत मिळत नाही.

भारतात करांचाही भार पडतो. पैजेच्या संपूर्ण रकमेवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा दर ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकरही लागतो आणि हरलेल्या पैजांची वजावट त्यातून मिळत नाही. त्यामुळे वरील उदाहरणांतील आकडे भारतीय पैज लावणाऱ्याच्या पदरात प्रत्यक्षात पडणाऱ्या रकमेपेक्षा बरेच आशादायक आहेत.