दह्याचं काम आमसुलाकडे

व्हीगन जेवण म्हटलं की बडोद्याच्या मराठी घरात पहिली शंका दुधाचीच येते, आणि ती साहजिक आहे. जवळच्या आणंदला 1946 साली दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला, त्यातून अमूल उभी राहिली. सकाळी दुधाची पिशवी, दुपारी ताक, वरणावर तूप हा इथला परिपाठ. सुभानपुऱ्यातल्या एखाद्या घरात कुणी हे सगळं सोडायचं ठरवलं, तर त्याच्या हाती बदामाचं दूध, टोफू, व्हीगन चीज अशी महागडी यादी दिली जाते. ही सुरुवातच मला चुकीची वाटते. त्यापेक्षा प्रत्येक पदार्थात दूध, दही किंवा तूप नेमकं कोणतं काम करतं ते ओळखावं आणि त्या कामासाठी आपल्याच फडताळात काय आहे ते पाहावं.

पुष्कळदा तिथे त्यांचं काहीच काम नसतं. बडोद्याची शेव-उसळ घ्या: वाटाणे, झणझणीत तर्री, वर शेव आणि कांदा. मटकीची उसळ, वालाचं बिरडं, पिठलं, भरली वांगी, थालीपीठ यांनाही दुधाची गरज नाही. जानेवारीत भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, पावटा, वांगी, गाजर यांची मिसळीची भाजी होते. दुसऱ्या दिवशी उत्तरायणाला उंधियू. मुठियांत दही आणि भाकरीवर लोणी घातलं नाही, की लागोपाठ दोन दिवसांचं सणाचं जेवण व्हीगनच असतं. खरा प्रश्न उरतो तो दह्याचा. दही मुख्यतः आंबटपणा आणि दाटपणा आणतं. आंबटपणाला आमसूल, चिंच, कैरी, लिंबू आहेत. दाटपणाला दाण्याचं कूट, तिळकूट, ओलं खोबरं. खमंग काकडीत दही नसतंच. कढीची जागा सोलकढी घेते. चव निराळी असते, पण भाताशी तितकीच जमते. हांडव्याचं पीठ दह्याने आंबवतात, तरी भिजवून वाटलेले तांदूळ आणि डाळी इडलीच्या पिठासारखे आपले आपण आंबतात. उन्हाळ्यात रात्रभरात काम होतं, थंडीत जास्त वेळ लागतो. श्रीखंड आणि बासुंदी मात्र नक्कल करण्याच्या भानगडीत न पडता सोडून द्यावीत. त्या जागी गूळ-नारळाचं सारण भरलेले उकडीचे मोदक, तेलावर भाजलेली पुरणपोळी किंवा तिळगूळ आहेच.

पोषणाचा आक्षेप गंभीर आहे, त्याला 'आपले पूर्वज हेच खायचे' असं उत्तर देता येत नाही. पूर्वज दूध पीत होते. प्रथिनांची काळजी डाळी, कडधान्यं, शेंगदाणे आणि धान्य यांच्या जोडीने बरीच मिटते. कॅल्शियमचं गणित अवघड आहे. प्रौढाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण साडेतीनशे असतं. तिळात ते पुष्कळ आहे, पण तीळ कोणी वाटीभर खात नाही, आणि त्यातलं सगळं अंगी लागतही नाही. म्हणून नाचणी, तिळाची चटणी, पालेभाज्या या रोजच्या व्हायला हव्यात, सणापुरत्या नव्हे. ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळतच नाही. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी लागते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा काहीच नाही.

विकतच्या वस्तूंबाबत एक खबरदारी घ्यावी. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे. बिस्किटात दुधाची भुकटी असली तरी तो असतोच. व्हीगन पदार्थांसाठी 2022 पासून वेगळे नियम आणि वेगळी खूण आहे, पण घटकांची यादी वाचणं सर्वांत खात्रीचं.

एवढं करूनही घरातली तक्रार असते ती वेगळ्या स्वयंपाकाची. एकाच माणसासाठी दोन भांडी चढवायची कोणी? पण इथे दूध-तूप बहुतेक वेळा शेवटी येतं. आमटीला तेलाची फोडणी द्यावी, पीठ पाण्यात मळावं, भाजी तेलात करावी. मग एकाच पातेल्यातली आमटी सगळे जेवतात, आणि ज्याला तूप हवं तो ते आपल्या भातावर वाढून घेतो. वेगळा करावा लागतो तो फक्त चहा.