नेमणूकपत्रात साठ हजार, हाती मात्र एक्कावन्न

नागपूर, प्रतिनिधी : प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या भागांतून मिहानमधील कंपन्यांत नोकरीला लागणाऱ्या तरुणांच्या घरी पहिल्या पगाराच्या दिवशी पेढ्यांबरोबर एक प्रश्नही हमखास येतो. नेमणूकपत्रात महिना साठ हजार लिहिले होते, मग बँकेत एक्कावन्नच हजार कसे जमा झाले?

नेमणूकपत्रातील आकडा हा पगार नसतोच. तो असतो 'सीटीसी', म्हणजे त्या कर्मचाऱ्यामागे कंपनीला येणारा एकूण खर्च. समजा, तो ६०,००० रुपये आणि त्यातील मूळ वेतन ३०,००० रुपये आहे. मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये, हा भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १,४४२ रुपये. या दोन रकमा वजा जाता उरतात ५४,९५८ रुपये. त्यातून कर्मचाऱ्याचा निधीतील ३,६०० रुपयांचा वाटा आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला की हाती ५१,१५८ रुपये येतात. (काही कंपन्या निधीचा वाटा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच काढतात, तेव्हा हा आकडा बदलतो.)

अमेरिकेतही सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरसाठी पगारातून ७.६५ टक्के कापले जातात व मालक तेवढीच भर घालतो. मात्र मालकाचा तो वाटा तेथे सांगितलेल्या पगारात सहसा धरलेला नसतो. आपल्याकडे तो धरून आकडा फुगवण्याची रीत पडली आहे आणि नवख्या उमेदवाराची दिशाभूल होते ती इथेच.

ग्रॅच्युइटीचे तर आणखी वेगळे. दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांचे वेतन, असा तिचा हिशेब. पण कायम कर्मचाऱ्याने सलग पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दरमहा सीटीसीत दाखवलेली ही रक्कम त्याला मिळत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी एका वर्षाच्या सेवेनंतर हा हक्क दिला आहे. नोकरी सोडल्यावर थकीत वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे, असेही वेतन संहिता सांगते.

भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडल्यावर अनेकांना कंपनीचा वाटा कमी दिसतो. आपल्या उदाहरणातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा सदस्य असेल, तर ३,६०० पैकी १,२५० रुपये त्या योजनेत जातात व स्वतंत्र रकान्यात दिसतात. अशा वेळी निधीत २,३५० रुपयेच जमा होतात. ही लबाडी नव्हे. खरी काळजी करावी ती पगारपत्रकावर कपात आहे आणि पासबुकात त्या महिन्याची नोंदच नाही तेव्हा. ही रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. कापलेला वाटा न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो. आपला यूएएन क्रमांक वापरून 'उमंग' अ‍ॅपवर ही नोंद घरबसल्या तपासता येते. पगारपत्रके मात्र जपून ठेवावीत, तक्रारीच्या वेळी पुरावा तोच.

वसाहतीतील औषधालये, शिकवणी वर्ग, उपाहारगृहे यांतील बहुतेकांचा प्रश्न निराळाच आहे. भविष्य निर्वाह निधी २० कर्मचाऱ्यांपासून बंधनकारक होतो, राज्य कामगार विमा आणि ग्रॅच्युइटी १० पासून. चार-पाच माणसांच्या दुकानाला यांतले काहीच लागू होत नाही. किमान वेतन मात्र एकच नोकर ठेवणाऱ्या दुकानदारालाही चुकत नाही.