शत्रूला दिलेली चांदी
१००५ साली चीनच्या सोंग दरबाराने उत्तरेच्या लिआओ राज्याशी चानयुआनचा तह केला. दरसाल १ लाख ताएल, म्हणजे सुमारे ४ टन चांदी आणि २ लाख ठाण रेशीम द्यायचे ठरले. मानहानी होतीच, पण फौजा झुंजवण्याच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ. शिवाय लिआओचे लोक सीमेवरच्या बाजारांत सोंग माल घेत, त्यामुळे बरीच चांदी परत येई. १०४२ मध्ये रक्कम वाढली, तरी शांतता शंभराहून अधिक वर्षे टिकली. माझ्या मते निर्णायक ठरले ते समोरचे राज्य: एकसंध, शब्द पाळू शकणारे. याउलट, इंग्लंडने ९९१ मध्ये व्हायकिंग टोळ्यांना १०,००० पौंड दिले. १०१२ मध्ये ४८,००० द्यावे लागले आणि पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या स्वेनने देशच घेतला.