पावडर-लालीचे नव्हे, रसायनशास्त्राचे शिक्षण

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतली आमची मुले-मुली आज बी. फार्म. करीत आहेत. बाबासाहेबांनी सांगितलेल्या 'शिका'चेच हे फळ. घरचा हिशेब मात्र ठरलेला: मेडिकल टाकायचे, नाहीतर एम. आर. व्हायचे. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात आठव्या सत्राला कॉस्मेटिक सायन्स हा ऐच्छिक विषय आहे, तिकडे आमचे लक्षच नाही.

पावडर-लाली म्हणून हसण्यासारखे त्यात काही नाही. तेल आणि पाणी एकजीव ठेवायचे, क्रीमला बुरशी लागू द्यायची नाही, कातडीला काय चालते नि काय पोळते ते तपासायचे. १९४० च्या औषध कायद्याखाली पुढे सौंदर्यप्रसाधनेही आली ती उगाच नाही.

आणि या धंद्याने विकले काय? 'फेअर अँड लव्हली' १९७५ ला बाजारात आली, नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडले. पंचेचाळीस वर्षे आमच्या सावळ्या लेकींना त्यांच्या रंगाची लाज विकली गेली. ती क्रीम कोणी बनवली, जाहिरात कोणी लिहिली, त्या खोलीत आमचे कोणी होते का, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

शिरपूरला शिकत असोत की जळगावला, सातव्या सत्रातच आमच्या विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांकडे जावे आणि हा विषय मागावा.