एका गादीचे दोन पंथ

आमच्या पन्हाळ्याचा तीन दरवाजा आदिलशाहीतला. त्याखालून जाताना मला इंग्लंडचे ट्यूडर आठवतात. १५३४ साली आठव्या हेन्रीनं पोपशी संबंध तोडला. त्याच साली विजापूरच्या गादीवर पहिला इब्राहीम आला. वडिलांचा शिया पंथ बाजूला सारून त्यानं सुन्नी पंथ राज्याचा केला. परदेशी सरदारांना दूर करून दख्खनींना जवळ केलं. महसुलाचे हिशेबही फार्सीऐवजी मराठीत आले. मला तर हे पंथबदलाहून मोठं वाटतं! १५५८ साली मुलगा अली गादीवर आला नि राज्य पुन्हा शिया झालं. एलिझाबेथ राणी झाली तीही त्याच साली. राजा बदलला की खुतबा बदले. पुढं दुसऱ्या इब्राहीमनं मात्र ‘किताब-ए-नवरस’मध्ये दख्खनीतून सरस्वतीला वंदन केलं.