गाडीतला आवाज: आत किती, बाहेर किती?

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेले, काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचे गाव. कोल्हापूर-सांगली रस्त्यामुळे येथे दिवसभर वाहनांची वर्दळ असते. या रस्त्याच्या कडेला उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते. काचा बंद केलेली एखादी मोटार गाणे लावून जाते. गाण्याचे शब्द, बासरी, सतार यांपैकी काहीही बाहेर ऐकू येत नाही. ऐकू येतो तो फक्त 'धुम् धुम्' असा ठेका. आत बसलेल्याला पूर्ण गाणे आणि बाहेरच्याला फक्त ठेका, असे का व्हावे?

मोटारीतले संगीत ही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेतील गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' असे नाव दिले. आज मात्र डेक, अ‍ॅम्प्लिफायर, वूफर आणि पत्र्याला करायचे 'डॅम्पिंग' यांवर लोक हजारो रुपये खर्च करतात. या खर्चातला कोणता भाग सार्थकी लागतो आणि कोणता वाया जातो, हे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकशास्त्रावरून ठरवता येते.

पत्रा काय अडवतो?

ध्वनी भिंतीवर आदळला की ती भिंत कंप पावते आणि पलीकडच्या हवेला कंपित करते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. तसेच वारंवारता जितकी जास्त, तितका भिंतीला हलायला वेळ कमी मिळतो. म्हणून दर चौरस मीटरचे वस्तुमान दुप्पट केले, किंवा वारंवारता दुप्पट झाली, तर पलीकडे जाणारा ध्वनी सुमारे ६ डेसिबलने घटतो. याला 'वस्तुमानाचा नियम' म्हणतात.

मोटारीचा पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा धरू. पोलादाची घनता दर घनमीटरला सुमारे ७,८५० किलोग्रॅम असते, म्हणून एका चौरस मीटरचे वजन ६.३ किलोग्रॅम भरते. या नियमाने हिशेब केला तर असा पत्रा १,००० हर्ट्झचा ध्वनी सुमारे २९ डेसिबलने कमी करतो, म्हणजे त्याच्या ऊर्जेचा आठशेवा भाग बाहेर जातो. १०० हर्ट्झचा ध्वनी मात्र फक्त ९ डेसिबलने कमी होतो आणि त्याच्या ऊर्जेचा आठवा भाग बाहेर पडतो. खऱ्या मोटारीत काचा, वाकवलेले पत्रे, अनुनाद यांमुळे आकडे थोडे बदलतात, पण कल तोच राहतो. शब्द आत अडकतात आणि ठेका बाहेर पडतो, तो यामुळे.

डॅम्पिंग म्हणजे आवाज अडवणे नव्हे

'डॅम्पिंग शीट लावली की बाहेरचा आवाज बंद होतो' असा एक समज आहे. प्रत्यक्षात आवाज कमी करण्याचे तीन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत करून चालत नाही.

पहिला मार्ग कंपन शमवण्याचा. स्टीलचे एक ताट दोरीने टांगून चमच्याने वाजवा. ते बराच वेळ घणघणत राहील. आता ताटाच्या मागे मधोमध मळलेल्या कणकेचा चपटा गोळा घट्ट चिकटवून पुन्हा वाजवा. घणघणाट जाऊन नुसता 'टक्' असा आवाज येईल. ताट वाकते तेव्हा कणीकही ताणली जाते आणि तिच्या अंतर्गत घर्षणात कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. ब्यूटाइल रबराची शीट हेच काम करते. तिच्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा रबराला मोकळेपणी सरकू देत नाही. त्यामुळे दोन धातूंच्या मध्ये रबर जास्त पिळले जाते आणि ऊर्जा अधिक खर्च होते. हा परिणाम मिळवण्यासाठी सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. जिथे कंपन सर्वांत जास्त असते त्या मधल्या भागात, सुमारे पाव ते अर्धे क्षेत्रफळ झाकले तरी बराचसा फायदा पदरात पडतो.

दुसरा मार्ग अडवण्याचा, म्हणजे वस्तुमान वाढवण्याचा. दर चौरस मीटरला ३ किलोग्रॅमची शीट सगळीकडे लावली तर ६.३ चे वजन ९.३ होते आणि ध्वनी जेमतेम साडेतीन डेसिबलने घटतो. दहा चौरस मीटर पत्रा मढवायचा तर गाडीचे वजन ३० किलोग्रॅमने वाढते. ते ओझे इंजिनाला रोज वाहावे लागते.

तिसरा मार्ग शोषणाचा. फोम किंवा लोकर यांच्या छिद्रांतून हवा पुढेमागे होताना घर्षण होते आणि ध्वनी क्षीण होतो. मात्र थर तरंगलांबीच्या मानाने पुरेसा जाड हवा. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. तिच्यापुढे दोन सेंटिमीटरचा फोम काय करणार? तो टायरची सळसळ आणि वाऱ्याची शीळ कमी करील, ठेका नाही.

या तिन्ही मार्गांवर पाणी फिरवते ती फट. दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी उघडी फट असेल, तर तिच्यातून शंभरावा भाग ऊर्जा सरळ जाते. मग उरलेले दार कितीही जाड केले तरी एकूण घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून पहिला खर्च दाराच्या झिजलेल्या रबरी पट्ट्यांवर करावा. तो सर्वांत स्वस्तही असतो.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. दाराच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेली भोके बुजवली तर पावसाळ्यात आत पाणी साचून पत्रा गंजतो. तसेच डांबराची स्वस्त शीट उन्हात तापलेल्या गाडीत मऊ होते, सुटते आणि वास मारते.

स्पीकरला दाराचा आधार

सुट्टा स्पीकर हातात धरून वाजवला तर तो चिरका वाटतो. तोच स्पीकर भोक पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्यावर घट्ट बसवा. लगेच आवाज भरदार होतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरांची तरंगलांबी मोठी असल्याने मागचे तरंग वळसा घालून पुढे येतात आणि पुढच्या तरंगांना खोडून टाकतात. पुठ्ठा ही वाट अडवतो.

मोटारीच्या दाराच्या आतल्या पत्र्याला दुरुस्तीसाठी मोठी भोके असतात आणि ती बहुधा पातळ प्लास्टिकने झाकलेली असतात. ती शीटने पक्की बंद केली की दार म्हणजे एक खोके बनते आणि जुना स्पीकरसुद्धा चांगला वाजू लागतो. शिवाय मोटारीची आतली लांबी अडीच मीटर धरली तर सुमारे ७० हर्ट्झच्या खालच्या स्वरांची अर्धी तरंगलांबीही तिच्यात मावत नाही. तेव्हा आतली सगळी हवा एकदम दाबली आणि सैल केली जाते. म्हणून बंद गाडीत लहान वूफरही मोठा ठेका देतो.

वॅटचा हिशेब

डेकवर '५० वॅट × ४' असे छापलेले असते. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत असतो आणि स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग भागिले ४ केला की ५२ वॅट येतात. पण एवढी शक्ती मिळायला पूर्ण दाब सतत मिळाला पाहिजे, म्हणजे तरंग चौकोनी झाला पाहिजे, आणि तसा तरंग फाटका ऐकू येतो. स्वच्छ ज्या तरंगासाठी याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते.

जास्त शक्तीसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावतात. तो ४०० वॅट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर तो बॅटरीतून ५०० वॅट, म्हणजे सुमारे ३६ अ‍ॅम्पियर धारा खेचतो. त्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची तार वापरली तर तिचा रोध ०.०५७ ओहम भरतो आणि तारेतच ७४ वॅट उष्णता तयार होते. एका दिव्याएवढी ही उष्णता गालिच्याखाली साचते. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती ७ वॅटवर येते. याहून महत्त्वाचा आहे फ्यूज. तो अ‍ॅम्प्लिफायरजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा. पत्र्याच्या कडेवर तारेचे आवरण घासून शॉर्ट सर्किट झाले, तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या तारेला दुसरे संरक्षण नसते आणि गाडी पेट घेऊ शकते.

३ डेसिबलचे मोल

शक्ती दुप्पट केली की ध्वनी फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट गाडीतला गोंगाट ३ डेसिबलने कमी केला, तर तेच गाणे निम्म्या शक्तीत तितकेच स्पष्ट ऐकू येते. रबरी पट्ट्या आणि थोडे डॅम्पिंग यांनी जे साधते, तेच साधायला एरवी अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट मोठा घ्यावा लागतो.

कानाचा हिशेबही असाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८९ ला ५ तास, ९५ ला सव्वा तास. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शिरोळ तालुक्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जाताना दिसतात. उघड्या ट्रॅक्टरला ना दार ना काच, म्हणून गोंगाट कमी करण्याची सोयच नाही. इंजिनाचाच आवाज चालकाच्या कानाशी ८५ ते ९० डेसिबलच्या घरात असतो. गाणे त्यावर चढवायचे तर ९५ सहज होतात. सव्वा तासाची आठवड्याची मुदत पहिल्याच खेपेत संपते. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही, तो धोका वेगळाच.

कायद्यानेही सीमा घातल्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र घोषित करता येते.

शिक्षकांनी ताटाचा आणि पुठ्ठ्याचा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. मग मोबाइलमधील ध्वनिमापक वापरून विद्यार्थ्यांना उभ्या गाडीत, चालत्या गाडीत आणि ट्रॅक्टरच्या चालकाजवळ मोजमाप घ्यायला सांगावे. हे आकडे अचूक नसले तरी तुलनेला पुरतात. प्रत्येक आकड्यासमोर त्या आवाजात आठवड्याला किती तास सुरक्षित आहेत, ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढून लिहावे. घरी कोणी गाडी किंवा ट्रॅक्टर चालवत असेल, तर तो कागद त्यांनाही दाखवावा.