नापासाचा शेरा आणि मोठ्या विद्यापीठाचा अर्ज

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शेवटचा तास संपला आणि तृतीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी वर्गात मागे थांबली. पाटसच्या आमच्या वस्तीतलीच. आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाते, वडील मिळेल त्या ट्रकवर हमाली करतात. परदेशातील एका नामांकित विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज करावयाचे तिने मनात घेतले होते. तिच्या हातात बारावीची दोन गुणपत्रके होती. एकावर इंग्रजीत अनुत्तीर्ण असल्याचा शेरा, दुसरे पुरवणी परीक्षेचे, उत्तीर्णाचे. तिने विचारले, "सर, पहिलं दाखवायचंच कशाला? ते बघितल्यावर माझा अर्ज कोण वाचंल?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मी २००५ च्या मार्चमध्ये दहावीला गणितात नापास झालो आणि ऑक्टोबरमध्ये सुटलो. त्या सहा महिन्यांत पाटस स्टेशनवर पुण्याची शटल आली, की कॉलेजला निघालेली ओळखीची पोरे दिसू नयेत म्हणून मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहत असे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. म्हणून त्या काळी मला हे सांगणारे घरात कोणी नव्हते, की नापास हा एका दिवशीच्या एका पेपरचा निकाल आहे, माणसाचा नव्हे. आज मी शिकविण्याच्या खुर्चीवर आहे. तिच्या प्रश्नाला नुसता धीर देऊन भागणार नव्हते. उत्तर द्यावयाचे तर ते हिशेबाने द्यावयास हवे होते. तोच हिशेब येथे मांडतो आहे.

प्रथम आपल्या सर्वांना माहीत असलेल्या, परंतु या अंगाने क्वचितच वाचल्या जाणाऱ्या एका गुणपत्रिकेकडे पाहू. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी मुंबईतून मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा ३७ च्या आसपास. आजच्या भाषेत काठावर पास. त्या आकड्यामागे काय होते? साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसणे होते. तहान लागली तर दुसऱ्याने पाणी ओतण्याची वाट पाहणे होते. संस्कृत शिकावयाचे असताना ते नाकारले गेले म्हणून पत्करलेली फारसी होती. परळच्या चाळीतील एक खोली होती, आणि घर झोपल्यावर पहाटे दोन वाजता उठून दिव्यासमोर केलेला अभ्यास होता. यातील काहीही त्या २८२ या आकड्यात दिसत नाही. आकडा फक्त एवढेच सांगतो, की अमुक दिवशी अमुक प्रश्नांना या मुलाने अमुक इतकी उत्तरे दिली.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९१३ च्या जुलैत, हाच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती, तीही तीन वर्षांपुरती. त्या तीन वर्षांत त्याने अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. १९१५ साली एम.ए. झाली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरील निबंध वाचला. त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडन अर्धवट सोडून परतावे लागले. परंतु येताना चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची लेखी परवानगी मिळवून ते परतले. १९२० साली पुन्हा गेले. १९२२ साली सादर केलेला डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो दुरुस्त करून पुन्हा दिला आणि १९२३ साली पदवी मिळाली.

आपल्याकडे हा इतिहास बहुधा असामान्य बुद्धिमत्तेची गाथा म्हणून सांगितला जातो. ती बुद्धिमत्ता होतीच. परंतु तेवढेच सांगून थांबलो तर आमच्या वस्तीतील मुलगी म्हणते, "ते बाबासाहेब होते, सर." आणि विषय तेथेच संपतो. म्हणून मी या इतिहासाचे दुसरे अंग पुढे ठेवतो. मॅट्रिकच्या आकड्यापाशी न थांबता पुढचे वाचणारी माणसे तेथे होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या मुलाला बागेत वाचताना पाहिले होते. त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली. पुढे कोलंबियात प्रा. सेलिग्मन यांनी त्याचे काम पाहिले आणि लंडनला शिफारसपत्र दिले. प्रत्येक पायरीवर कोणीतरी त्याचे सध्याचे काम पाहून दार उघडले. दार उघडणाऱ्याने मागचा शेरा शेवटचा मानला असता, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

बाबासाहेबांना याची पूर्ण जाण होती असे मी मानतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. खेड्यापाड्यांतून आलेल्या, गुणपत्रिकेवर कमी पडलेल्या मुलांना तेथे जागा मिळाली. त्यांतूनच लेखक, प्राध्यापक, अधिकारी उभे राहिले. पाया कच्चा असेल तर तो पक्का करून घेणे हे महाविद्यालयाचे काम आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. मोठी विद्यापीठे विद्यार्थी निवडतात ते साधारण तीन मार्गांनी. पहिला मार्ग प्रवेशपरीक्षेचा. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेश मुख्यतः सीयूईटी या सामाईक परीक्षेवर होतात आणि पदवीस्तरावर ती परीक्षा मराठीतूनही देता येते. बारावीचे गुण तेथे बहुतेक पात्रतेपुरते उरतात. मागे पडलेल्याला हा मार्ग एका अर्थी सोयीचा आहे, कारण जुनी पाटी बाजूला राहते. परंतु जेथे परीक्षा आली तेथे शिकवणीचा धंदा आला, आणि शिकवणी आमच्या वस्तीत येत नाही.

दुसरा मार्ग, परिस्थितीची नोंद घेऊन गुण देण्याचा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना जादा गुण देण्याची पद्धत होती. १९८३ साली ती बंद पडली आणि विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर १९९४ साली पुन्हा आली. तत्त्व अगदी योग्य. त्यातील एक उणीव मात्र आम्हां पाटसकरांना चांगली कळते. जिल्हा हे माप धरले, की पुणे जिल्हा पुढारलेला ठरतो. पुणे शहरातील आयटी कंपन्या आणि दौंडच्या उसाच्या फडातील पाचट एकाच सरासरीत मिसळतात. सरासरीत आमची वस्ती नाहीशी होते.

तिसरा मार्ग, संपूर्ण अर्ज वाचण्याचा. परदेशातील बहुतेक निवडक विद्यापीठे हा मार्ग घेतात. पदवीचे गुण, उद्देशपत्र, दोन किंवा तीन शिफारसपत्रे, कधी लेखनाचा नमुना, आणि इंग्रजीची परीक्षा. येथे कोणीतरी माणूस आपले कागद वाचतो. म्हणून येथे कागद कसे लिहिले आहेत याला महत्त्व येते.

त्या मुलीला मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की लपवू नकोस. अर्जात जे गुणपत्रक मागितले असेल ते द्यावयाचे, जे मागितले नसेल ते आपणहून जोडावयाचे नाही. परंतु विचारले असता खोटे सांगितले तर पुढे मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. नापास होणे हा गुन्हा नाही, लपविणे मात्र आपल्याला गुन्हेगार करून सोडते.

दुसरी गोष्ट, कारण तीन-चार वाक्यांत लिहावयाचे. तिची अकरावी टाळेबंदीत गेली. घरात फोन एकच होता, तोही दिवसभर वडिलांबरोबर कामावर. इंग्रजीचे तास तिने ऐकलेच नाहीत. एवढे पुरे. तिने आधी जो मसुदा आणला होता त्यात दोन पाने दुःख होते. मी तिला म्हणालो, "अगं, वाचणाऱ्याला रडवून प्रवेश मिळवायचा नाही. आपलं दुःख खरं आहे, पण ते विकायला काढायचं नाही." दलित साहित्याने वेदना मांडली ती जाब विचारण्यासाठी, दयेची याचना करण्यासाठी नव्हे. उद्देशपत्रालाही हेच लागू आहे.

तिसरी गोष्ट, कारणानंतर पुरावा. जेथे पडलो तेथेच उभे राहिलेले दाखवावे लागते. इंग्रजीत नापास झालेल्याने आयईएलटीएससारख्या परीक्षेत चांगले गुण मिळविले, तर त्या जुन्या शेऱ्याला त्याहून मोठे उत्तर नाही. तिने वर्षभर रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश वहीत लिहिला. ती वही मी पाहिली आहे.

चौथी गोष्ट, आपला प्रश्न. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की आमच्या भागात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात, आणि त्यांतील मुलांची शाळा पाच-सहा महिने तुटते. ही मुलगी दोन हंगाम त्या कोप्यांत जाऊन मुलांना शिकवत होती. तिला वाटे, यात अर्जात लिहिण्यासारखे काय आहे? मी म्हणालो, अर्ज याच्यापासूनच सुरू कर. शहरातील शंभर अर्जदारांना जो प्रश्न पुस्तकातून शोधावा लागतो, तो तुझ्या दारात आहे.

पाचवी गोष्ट शिफारसपत्राची. आमच्याकडे मोठ्या माणसाचे पत्र आणण्याची खोड आहे. आमदारांचे छापील पत्र त्या विद्यापीठाला काही सांगत नाही. ज्या शिक्षकाने तिचे लेखन तपासले आहे, त्याचे साधे पण तपशीलवार पत्र पुष्कळ सांगते.

आता पैशाचा प्रश्न, आणि येथेच खरी अडचण आहे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला आधीच्या पदवीत किमान ६० टक्के लागतात. वय ३५ च्या आत, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, आणि प्रवेश क्यू.एस. क्रमवारीतील पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकात. या मुलीला पहिल्या वर्षी ५२ टक्के, दुसऱ्या वर्षी ६५, तिसऱ्या वर्षाचा अंदाज ६६. सरासरी ६१. एका टक्क्याने ती आत आहे. पहिल्या वर्षी ५२ ऐवजी ४८ पडले असते, तर सरासरी ५९.६७ झाली असती आणि पुढची दोन्ही वर्षे जशीच्या तशी असूनही ती बाहेर राहिली असती. सरासरीला क्रम कळत नाही. ५२ वरून ६६ ला चढलेला आणि ६६ वरून ५२ ला घसरलेला तिच्या लेखी सारखेच. विद्यापीठाचा वाचणारा माणूस तो चढ पाहू शकतो, शिष्यवृत्तीची अट पाहू शकत नाही. म्हणजे ज्याला विद्यापीठ घेईल, त्याला शासन नाकारील, अशी स्थिती उद्भवू शकते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष कच्चे असणे हे स्वाभाविक आहे, कारण त्याच्या घरातले कोणीही त्याच्या आधी त्या वर्गात बसलेले नसते. ही अट ठरविताना अखेरच्या वर्षांचे गुण स्वतंत्रपणे पाहिले जावेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते आपण करावे. प्रथम वर्षाच्या मुलांना पहिल्याच महिन्यात सांगावे, की हे वर्षही मोजले जाते. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी यांसाठी तहसील व समितीच्या कचेऱ्यांत किती खेपा पडतात हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा त्या एक वर्ष आधी सुरू कराव्यात. आणि आपल्यापैकी जे शिकून पगारावर बसले आहेत, त्यांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याच्या अर्जापाशी बसावे. केळुसकर गुरुजींनी याहून वेगळे काय केले?

त्या मुलीने अर्ज गेल्या आठवड्यात पाठविला. अर्जात बारावीचा तपशील मागितला होता. तिने दोन्ही गुणपत्रके जोडली, नापासाचे वर आणि उत्तीर्णाचे खाली, मिळाली त्याच क्रमाने. निकाल यावयाचा आहे. प्रवेश मिळाला तर शिष्यवृत्तीची लढाई पुढे आहे, न मिळाला तर पुढच्या वर्षी दुसरा अर्ज आहे. काल ती भेटली तेव्हा मी विचारले, आता काय करतेस? म्हणाली, "कोप्यांवर जाते, सर. एक पोरगं इंग्रजीत अडकलंय."